गादी फाटली आणि मी टॉवेल दाबत बसले

मागच्या श्रावणात नैवेद्याचं पान वाढून जमिनीवरून उठताना डावा गुडघा जरा वळला आणि आतून टक् झालं. पडले नाही की काही नाही, पण संध्याकाळपर्यंत गुडघा एवढा सुजला की वाटी कुठंय ते कळेना. मग बाम, शेक, क्रेप बँडेज, शेजारच्या काकूंचं निर्गुडीचं तेल, सगळं करून झालं आणि शेवटी एमआरआय.

रिपोर्टमध्ये 'मीडिअल मेनिस्कस, ग्रेड 3 टिअर', म्हणजे गुडघ्यातली आतल्या बाजूची गादी फाटलीये. ग्रेड 3 वाचून माझ्या पोटात गोळाच आला, म्हणलं ही कॅन्सरसारखी तिसरी स्टेज आहे का काय! तसं काही नसतं, एमआरआयमध्ये दिसणारी रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचलीये म्हणजे गादी खरंच फाटलीये, एवढाच त्याचा अर्थ. पण हे मला कळलं दोन आठवड्यांनी, तोपर्यंत मी झोपेत पण गुडघाच बघत होते.

पहिल्या डॉक्टरांनी गुडघ्याला हात न लावता फिल्म बघून सांगितलं, दुर्बिणीने करून टाकू. दुसऱ्यांनी पाय वाकवून, पिरगाळून बघितला आणि एकच गोष्ट चारदा विचारली, गुडघा मध्येच अडकतो का, सरळच होत नाही असं होतं का? नाही म्हणल्यावर म्हणाले, मग आधी तीन महिने व्यायाम करा, ऑपरेशन कुठं पळून जात नाही.

आता फाटलेलं कापड उठाबशा काढून शिवलं जातं का? मी हेच विचारलं फिजिओला. ती माझ्या लेकीएवढी पोरगी, हसली आणि म्हणाली, "काकू, गादी नाही शिवायची आपल्याला, मांडी कमवायचीये." मोठ्या माणसाच्या गादीला रक्त फक्त बाहेरच्या कडेला मिळतं, आतला भाग एकदा फाटला की फारसा जुळत नाही, पण मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू जोरात असले की चालताना बसणारा दणका ते झेलतात आणि गुडघा इकडेतिकडे कलत नाही. तिने टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या, डावी 2 सेंटिमीटर बारीक! महिनाभर लंगडत होते तेवढ्यात हे.

पहिला व्यायाम म्हणजे टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि खाली दाबायची, 10 आकडे मोजायचे, सोडायचं. यासाठी पैसे द्यायचे? पण दाबायला गेले तर मांडी हलेचना! उजवी दगडासारखी कडक होत होती आणि डावी पुरणाच्या गोळ्यासारखी मऊच. तिने वाटीच्या वर आतल्या बाजूला माझीच बोटं ठेवायला लावली, म्हणाली इथं कडक लागलं पाहिजे. चौथ्या दिवशी बोटाखाली जरासं काहीतरी उचललं गेलं आणि मी अहोंना हाक मारून दाखवलं, त्यांनी पेपरमधून मान पण वर काढली नाही.

मग सरळ पाय उचलणं, ब्रिज म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला टेकून अर्धंच बसणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाटावरून एका पायावर हळूहळू खाली उतरणं, तेही आरशासमोर. आरशात दिसतं ना, गुडघा आत झुकतोय, कंबर एका बाजूला पडतीये, म्हणजे 52 वर्षं मी अशीच जिने उतरत होते की काय. दुखण्याचा तिचा नियम सोपा, 10 पैकी 4 पर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं पाहिजे. पाचव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मी शहाणपणा करून पर्वती चढून आले, 103 पायऱ्या. चढताना मजेत, उतरताना रडू. चार दिवस परत टॉवेल.

लेकीने इंटरनेटवरून शोधून दिलं, नॉर्वेत 140 जणांवर अभ्यास झालाय, 2016 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात छापून आला, निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना 12 आठवडे व्यायाम, दोन वर्षांनी दोघांचे गुडघे सारखेच. आणि फिनलंडवाल्यांनी तर कमालच केली, 2013 चा अभ्यास, काही जणांची गादी खरी छाटली आणि काहींना नुसतं ऑपरेशनचं नाटक, वर्षभराने फरक नाही! अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला पन्नाशीपुढच्या लोकांचे एमआरआय काढले तर गादी फाटलेल्या 100 पैकी 61 जणांना गेल्या महिन्यात काही दुखलंच नव्हतं. हे रिपोर्टच्या आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी झोपा वाचल्या असत्या.

पण हे झिजून फाटलेल्या गादीचं, माझ्यासारख्यांचं. कबड्डी खेळताना विशीतल्या पोराची फाटली किंवा गुडघा अडकून बसला, तर त्याने माझा ब्लॉग वाचून टॉवेल दाबत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

तीन महिन्यांनी टेप लावला तर फरक अर्धा सेंटिमीटर. यंदाच्या श्रावणात पाटावर बसून नैवेद्य दाखवला, उठताना एक हात टेकला. पूर्ण उकिडवं अजून बसत नाही. आणि जिना उतरताना अजून टक् वाजतं, घाबरून त्या फिजिओ पोरीला फोन केला तर तिने विचारलं, दुखतं का? म्हणलं नाही. म्हणाली, मग वाजू दे की काकू.