डब्यातल्या नारळाच्या दुधाची चौकशी

गेल्या श्रावणात आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घरी शिरवाळ्यांचा, म्हणजे नारळाच्या रसात खायच्या तांदळाच्या शेवयांचा, बेत ठरला. पंधरा पानांना पुरेल एवढा रस खवणीवर बसून काढण्याचा धीर मला झाला नाही, म्हणून अलकापुरीतल्या एका दुकानातून थायलंडच्या नारळाच्या दुधाचे चार डबे आणले. डबा फोडणार एवढ्यात भाचीने विचारले, "मावशी, हे नारळ माकडांनी पाडलेले नाहीत ना?" मला वाटले पोरगी थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती.

थायलंडच्या दक्षिण भागात, विशेषतः सुरत थानी प्रांतात, आखूड शेपटीच्या माकडांना नारळ पाडायला शिकवण्याची जुनी प्रथा आहे. प्राण्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या पेटा या संस्थेच्या आशियातील शाखेने २०१९ मध्ये तिथल्या मळ्यांत आणि प्रशिक्षणाच्या ठिकाणी जाऊन केलेले चित्रीकरण पुढच्या वर्षी जाहीर केले. त्यात गळ्यात साखळी घालून बांधलेली आणि अरुंद पिंजऱ्यांत कोंडलेली माकडे दिसल्यावर ब्रिटनमधील वेटरोज, को-ऑप यांसारख्या दुकानांनी तो माल विकणे थांबवले. माकड दिवसाला हजार नारळ पाडते आणि माणूस जेमतेम ऐंशी, असाही एक आकडा त्या वेळी सर्वत्र छापून आला. त्यातल्या माणसाच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही, कारण आपल्याकडचा सराईत गडी दिवसाला चाळीसेक माड सहज चढतो, आणि प्रत्येक माडावरून बरेच नारळ उतरवतो.

मात्र माकड नसले म्हणजे माल निर्दोष ठरला, असेही मला म्हणता येत नाही. फिलिपिन्समध्ये नारळ माणसेच पाडतात. तरीही राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत, १९७० च्या दशकात, तिथल्या नारळ उत्पादकांकडून विकासाच्या नावाखाली जो उपकर वसूल केला गेला, त्याचा मोठा हिस्सा सत्तेजवळच्या मंडळींच्या हाती गेला. तो पैसा शेतकऱ्यांसाठी वापरण्याचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. माडावर चढायला माणूस मिळत नाही आणि चढणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राच्या साह्याने चढण्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला आणि त्यांच्यासाठी विमाही ठेवला.

यातले डब्यावर काहीच लिहिलेले नसते. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो, नारळ कोणी पाडला ते सांगत नाही. मूळ देश, आयातदाराचे नाव आणि घटक पदार्थ तेवढे वाचता येतात. माझ्या डब्यावर तर आयातदाराची चिठ्ठी नेमकी घटकांच्या यादीवरच चिकटवली होती. त्या आयातदाराला मी पत्र पाठवले. आमचे पुरवठादार सर्व नियम पाळतात, असे एका ओळीचे उत्तर आले, आणि माकडांविषयी त्यात चकार शब्द नव्हता. दुकानदाराला विचारले तेव्हा तो बिचारा गोंधळून म्हणाला, "बेन, आमां वांदरो क्यांथी आव्यो?" म्हणजे यात माकड कुठून आले?

तेव्हापासून मी खंडेराव मार्केटातून अख्खे नारळ आणते. माल बहुतेक वेळा सौराष्ट्रातल्या महुवा किंवा मांगरोळकडचा असतो, आणि कुठला आहे व कोणी पाडला हे विचारले तर विक्रेता निदान तोंडावर उत्तर देतो. नारळ खोवून, कोमट पाणी घालून मिक्सरमधून फिरवायचा आणि मलमलच्या फडक्यात घट्ट पिळायचा, की पहिला जाड रस निघतो. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घातले की दुसरा, पातळ. बिरडे पातळ रसात शिजवावे, जाड रस शेवटी घालावा आणि मग उकळी येऊ देऊ नये, नाहीतर तो फाटतो. डब्यातला रस सहसा फाटत नाही, कारण त्यात बहुधा दाटपणा आणणारा गवार गम आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारे पायसीकारक घातलेले असतात. सोलकढीत तो बुळबुळीतपणा जिभेला लगेच कळतो.

मोठ्या पंगतीला डबा लागतोच, ते मी नाकारत नाही. अशा वेळी मी केरळ किंवा तमिळनाडूत तयार झालेला, घटकांत नारळ आणि पाणी एवढेच लिहिलेला डबा शोधते. त्यात वर साय आणि खाली पाणी असे दोन थर पडतात, त्याला लोक खराब समजून परत करतात. प्रत्यक्षात डबा कोमट पाण्यात ठेवून हलवला की ते पुन्हा मिसळतात. श्रावणातल्या त्या चार डब्यांपैकी दोन अजून फडताळात तसेच आहेत. भाची आली की त्यांच्याकडे बघते आणि माझ्याकडे बघते.