आत्या, बासा आणि नुई सामची देवी

व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात जाऊन आलेला प्रत्येक जण तरंगत्या बाजाराचे फोटो टाकतो. तो बाजार आम्हीही पाहिला, कान थो शहरात, अंधारात उठून. अननसाच्या होड्या कमी आणि फोटो काढणाऱ्यांच्या जास्त. यापेक्षा त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते चाउ डोकबद्दल, जिथे आम्ही खरं तर कंबोडियाच्या राजधानीची, नॉम पेन्हची बोट पकडण्यापुरतेच थांबणार होतो.

सोबत आत्या होती. मालवणची, निवृत्त शिक्षिका, परदेशात पहिल्यांदाच. बॅगेत तिने एक हिरवा खण ठेवला होता. “वाटेत देवी भेटली तर?” मी म्हटलं, आत्या, व्हिएतनाममध्ये कसली देवी भेटणार? त्यावर तिने मी पाढे चुकल्यावर जशी बघायची तशी बघितली आणि बॅगेची चेन लावून टाकली.

चाउ डोक हे आन ज्यांग प्रांतातलं गाव, हाउ नदीच्या काठावर, कंबोडियाच्या हद्दीला खेटून. १७५७ पर्यंत हा सगळा मुलूख ख्मेर, म्हणजे कंबोडियन राजांचा होता, मग तो व्हिएतनामी न्ग्वेन सरदारांकडे गेला. त्यामुळे गावात बहुसंख्य व्हिएतनामी, दुकानदारीत मुरलेले चिनी, आसपासच्या खेड्यांत ख्मेर आणि नदीपलीकडे चाम मुसलमान अशी वस्ती आहे. आम्ही गेलो तो ऑक्टोबर, म्हणजे पाण्याचा हंगाम. मेकाँग फुगते आणि शेतं काही महिने पाण्याखाली जातात. २०१९ चा सांगली-कोल्हापूर आठवून मी हळहळले, तर होडीवाला बिनधास्त. पुराबरोबर गाळ येतो, छोटे मासे येतात, शेतातले उंदीर मरतात. त्याची तक्रार उलटी होती. हल्ली वरच्या देशांनी धरणं बांधल्यापासून पाणी पूर्वीसारखं चढतच नाही म्हणे. पूर आला नाही म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

होडीची सफर हॉटेलनेच गळ्यात मारली होती आणि तिचा पहिला थांबा तरंगतं घर. बाहेरून साधं पत्र्याचं घर, दारात कुंड्या, झुल्यात झोपलेला पोरगा. आत गेल्यावर बाईंनी खोलीच्या मधोमध जमिनीतली फळी उचलली. खाली पाणी, आणि त्या घराएवढाच रुंद जाळीचा पिंजरा. मूठभर खाद्य टाकलं आणि पाणी उकळी फुटल्यागत उसळलं. हजारो मासे एकमेकांच्या अंगावर चढत होते. आत्याच्या चष्म्यावर शिंतोडे.

“खयचो मासो ह्यो?”

बासा, मी सांगितलं. म्हणजे बासा आणि त्याचा चुलतभाऊ त्रा. जगभर बासा म्हणून खपतो तो बहुतेक वेळा हा त्राच. आपल्याकडे हॉटेलात फिश फिंगर, फिश टिक्का, ‘फिश इन लेमन बटर सॉस’ असं काहीही मागवा, काटा नसलेला, वास नसलेला जो पांढरा तुकडा ताटात येतो, त्याचं मूळ गाव हे. नदीकाठच्या बागेत या माशाचा पुतळासुद्धा उभारलाय.

आत्या गप्प झाली. तिच्या बाबतीत हे लक्षण चांगलं नसतं. मग म्हणाली, “म्हणजे पुण्यात माझ्या साठीला तू ज्या हॉटेलात नेलं होतंस, एवढे पैसे भरून, तो हा?” मी मान हलवली. सुरमई-सरंग्यावर वाढलेल्या बाईसमोर आणखी काय करणार. पुढे दिवसभर कुणीही काही खायला दिलं की ती आधी विचारायची, ‘त्या फळीखालचं’ नाही ना?

मला मात्र त्या घराचं कौतुक वाटलं. जमिनीचा तुकडा नाही, तर नदीवर घर आणि घराखाली शेत. वासाचं काय ते बोलू नये.

पुढचा थांबा चाम वस्ती, आणि इथे माझं डोकं फिरलं. होडी लागते ना लागते तोच पोरं केकच्या पिशव्या घेऊन अंगावर धावली. नाही म्हटलं तरी हातात कोंबतात, परत दिलं तर रडकं तोंड. लाकडी फळ्यांच्या पुलावरून एका खांबांवरच्या घरात नेलं, तिथे माग, मागावर एक मुलगी, आणि शेजारी लुंग्या-ओढण्यांची दुकानभर रास. पंधरा मिनिटं. बघा, विकत घ्या, चला. माणसांना असं प्रदर्शनात मांडल्यागत बघायला मला अजिबात आवडत नाही आणि त्यासाठी पैसे भरलेत याचा जास्त राग येतो. आत्याने राग वगैरे न करता सरळ मागाशेजारी बसकण मारली आणि ताण्याचे धागे मोजायला लागली. मुलगी हसली. होडीवाल्याने घड्याळ दाखवलं, आत्याने त्याला हातानेच थांब म्हटलं.

घरांच्या खांबांवर दरवर्षीच्या पुराच्या खुणा रंगवलेल्या असतात. सर्वांत वरची माझ्या डोक्याच्या वर होती. म्हातारे पुरुष पांढरी टोपी आणि चौकड्यांची लुंगी नेसून मुबारक मशिदीकडे निघाले होते. हे लोक सुन्नी. इथली बरीच तरुण मुलं मलेशियात कामाला जातात, म्हणून मुलगी मलायही बोलत होती. आणि यांचेच पूर्वज चौथ्या शतकात मध्य व्हिएतनाममध्ये राज्य करताना शिवाची देवळं बांधत होते. भद्रवर्मन नावाच्या राजाने ‘मी सोन’ या ठिकाणी भद्रेश्वराची स्थापना केली होती. १४७१ मध्ये त्यांची राजधानी विजया पडली आणि माणसं पांगत पांगत कंबोडियात गेली, तिथून काही इथे आली. हे मी आत्याला होडीत सांगितलं. ती म्हणाली, “लोक काय, पाण्यासारखे. तू ती ओढणी घ्यायला हवी होतीस, वीण चांगली होती.”

दुपारी नुई साम. सपाट चिखलाच्या मुलखात एकदम उठलेला डोंगर, त्यामुळे आहे त्यापेक्षा उंच वाटतो. वरून समोर नुसतं पाणी, पाण्यातून डोकं काढलेली ताडाची झाडं, आणि त्या सगळ्याला कापत गेलेली एक सरळ रेघ. तो विन्ह ते कालवा. १८१९ ते १८२४ या काळात थोआई न्गोक हाउ या अधिकाऱ्याने तो खणून घेतला, चाउ डोकपासून समुद्रकाठच्या हा तिएनपर्यंत, जवळजवळ नव्वद किलोमीटर. व्हिएतनामी आणि ख्मेर मजूर वेठीला धरले होते, रोगराईने आणि उपासमारीने हजारोंनी मेले. कालव्याला नाव मिळालं साहेबाच्या बायकोचं. दोघांच्या समाध्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत, नीटनेटक्या, फुलं वाहिलेल्या.

“हद्द कुठली?” आत्याने विचारलं. कालव्याच्या थोडं पलीकडे, मी बोट दाखवलं. तिथे पाणीच होतं, अलीकडेही पाणीच. आत्याने बराच वेळ डोळे बारीक करून शोधली आणि मग नाद सोडून ताडगोळे घेतले. हो, ताडगोळे! इथला ताडगूळ आणि त्याचे पिवळे जाळीदार केक प्रसिद्ध आहेत. या एका गोष्टीवर आमचं दोघींचं एकमत झालं.

आणि मग देवी भेटली.

पायथ्याशी बा चुआ सू हिचं देऊळ आहे, मुलखाची मालकीण म्हणता येईल अशी. हिरव्या कौलांची एकावर एक चढलेली छपरं, आणि रस्त्यापासून दारापर्यंत तोच गोंधळ जो आपल्या कुठल्याही मोठ्या देवस्थानाला असतो: उदबत्त्या हातात कोंबून मागाहून पैसे मागणाऱ्या बायका, लॉटरीवाले, पाकीट सांभाळा म्हणून ओरडणारा भोंगा. पुण्य मिळावं म्हणून सोडण्यासाठी पिंजऱ्यात दाटीने भरलेल्या चिमण्या. संध्याकाळी त्या पुन्हा त्याच पिंजऱ्यात येत असणार, असं आत्याचं ठाम मत. नैवेद्याला अख्खं भाजलेलं डुक्कर, लालचुटुक, डोक्यावरून मिरवत नेतात. आत्या दोन पावलं मागे सरली, पण तोंडाने काही बोलली नाही.

देवीची गोष्ट अशी. मूर्ती आधी डोंगराच्या माथ्यावर होती. सयामी लुटारूंनी ती न्यायचा प्रयत्न केला, त्यांना हलेना. मग गावकऱ्यांनी खाली आणायचं ठरवलं, तर गावातल्या धडधाकट पुरुषांनाही उचलेना. शेवटी देवी एका बाईच्या अंगात येऊन म्हणाली, नऊ कुमारिका पाठवा. नऊ मुलींनी तिला सहज उचललं, आणि पायथ्याशी आल्यावर ती पुन्हा जड झाली. तिथेच देऊळ. वर तिच्या बैठकीची शिळा अजून दाखवतात. चांद्र पंचांगाच्या चौथ्या महिन्यात जत्रा भरते, मध्यरात्री पडद्याआड देवीला सुगंधी पाण्याने न्हाऊ घालतात, नवी वस्त्रं नेसवतात आणि जुन्या वस्त्रांचे तुकडे लोकांना वाटतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ही जत्रा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आणि दुसरी गोष्ट, पुस्तकातली. लुई मालरे या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९४१ मध्ये मूर्ती पाहिली आणि सांगितलं की ही स्त्री नव्हे, पुरुष आहे. सहाव्या शतकाच्या शेवटाची, ऑक एओ संस्कृतीतली विष्णुमूर्ती असावी. पुढे काहींनी ती शिवाची म्हटली. ऑक एओ इथून फार लांब नाही. भारताशी व्यापार करणारं, फुनान या जुन्या राज्याच्या काळातलं ते बंदर, तिथे रोमन सम्राटांची सोन्याची पदकंही सापडली आहेत. म्हणजे ज्याला आपण आपला म्हणू असा एक देव इथे चेहऱ्याला रंग, डोक्यावर मुकुट आणि अंगावर जरीचे झगे लेवून देवी झाला आहे, आणि त्याच्यापुढे व्हिएतनामी आणि चिनी व्यापारी धंद्याला बरकत मागतात.

मी हे आत्याला गाभाऱ्याच्या दारात, जरा विजयी सुरातच सांगितलं. म्हटलं, बघ, विष्णू आहे हा!

आत्याने मूर्तीकडे पाहिलं. गुलाबी चेहरा, भुवया कोरलेल्या, झग्यावर झगे. मग म्हणाली, “असात. आता ती बाई आसा. इतकी लुगडी नेसवल्यार आणि काय रवता?”

आणि तिने खण काढला.

मला खरंच घाम फुटला. आत फोटोला बंदी, दोन पहारेकरी, मागे रेटणारी गर्दी, आणि ही बाई पर्समधून नारळसुद्धा काढतेय. तो तिने सकाळीच बाजारातून घेतला होता, मला न सांगता. मी तिला बाहेर ओढणार, एवढ्यात तबकं सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने तिला हात केला. पातळ सुती सदरा, तसाच पायजमा, दात काळपट. तिने खण घेतला. उलगडला. काठ दोन बोटांत धरून चोळून पाहिला, जसा आत्याने सकाळी मागावरचा पाहिला होता. शेजारच्या दोघींना बोलावलं. तिघी मिळून त्याच्यावर काहीतरी बोलल्या, एकीने दिव्याजवळ नेऊन रंग बघितला. मागची रांग खोळंबली होती, कुणी तक्रार केली नाही. मग त्यांनी एक लाल तबक आणलं, खण घडी घालून ठेवला, वर नारळ, कडेला शेवंतीची फुलं, आणि आत्याचे हात धरून ते तबक तिच्याकडूनच वर करवलं. तीन वेळा. आत्याने बरोबरीने काहीतरी पुटपुटलं, बहुधा “उदे गं अंबे”च.

परत येताना म्हातारीने हातात लाल पाकीट ठेवलं, प्रसादाचं. दक्षिणा द्यायला आत्याने नोटा काढल्या तर तिने पेटीकडे बोट दाखवलं, स्वतः शिवली नाही. आपल्याकडच्या देवळांतले अनुभव आठवून मी याचं जरा जास्तच कौतुक केलं असेल, पण केलं. भोंगा, चिमण्या, उदबत्तीवाल्या या सगळ्यांचा राग तेवढ्यात ओसरला हे मान्य करते.

दुसऱ्या दिवशी ‘बा चुक’ या गावी गेलो. एप्रिल १९७८ मध्ये कंबोडियाचा हुकूमशहा पोल पॉट याच्या सैन्याने हद्द ओलांडून इथे ३,१५७ गावकऱ्यांना मारलं, देवळांत लपलेल्यांनाही. काचेआड कवट्या वय आणि लिंगानुसार लावून ठेवल्यात. मी त्याबद्दल लिहू शकत नाही. आत्या गाडीत परत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी चाउ डोकचा बाजार. हे गाव ‘माम’चं, म्हणजे खारवून मुरवलेल्या माशांचं. घमेलीच्या घमेली, लालसर, तपकिरी, तेलकट. वास असा की रस्त्याच्या पलीकडूनच कळतं. पर्यटक नाक धरून फोटो काढत होते. आत्या मात्र इथे आल्यावर फुलली. सुकट-बांगड्यात वाढलेली ती, प्रत्येक घमेल्यापाशी थांबून, बोटाने चाखून, खारटपणावर शेरे देत गेली. रात्री ‘बुन का’ खाल्लं, हळदीच्या पिवळ्या रश्शातल्या शेवया, मासा, वर हादग्याच्या जातीची पिवळी फुलं. मासा फळीखालचा नसल्याची खात्री करून तिने दुसरा वाडगा मागवला. हळद घालतात म्हणजे माणसं आपलीच, हा तिचा निवाडा.

नॉम पेन्हची बोट सकाळची. ती हद्दीवर थांबते, सगळ्यांनी सामान घेऊन उतरायचं, पासपोर्ट गोळा करणारा माणूस ‘सेवे’चे म्हणून काही डॉलर जास्त घेतो आणि पावती मागितली की त्याला इंग्रजी येईनासं होतं. पलीकडच्या कंबोडियन ठाण्यात आत्याची बॅग उघडायला लावली. तीन प्लास्टिकच्या थैल्यांत गुंडाळलेला माम बाहेर आला आणि खोलीभर पसरला. अधिकाऱ्याने हुंगला. दुभाषाचं काम करणाऱ्या बोटीवरच्या पोराला त्याने विचारलं, हा केवढ्याला घेतला? आत्याने आकडा सांगितला. तो जोरात हसला, महाग पडला म्हणाला, आणि आमच्याकडचा प्राहोक, म्हणजे कंबोडियातला माम, याहून चांगला असतो, हेही.

“कुठे मिळेल?” आत्याने विचारलं. आणि मागे अख्खी बोट खोळंबलेली असताना त्याने शिक्का बाजूला ठेवून कागदावर बाजाराचा नकाशा काढायला घेतला.