आरएस 230 विकायला काढताना

शनिवार, रात्री

माझी स्कोडाची वेगवान सेडान ऑक्टेव्हिया आरएस 230 विकायचे नक्की झाल्यावर आज तिच्या किमतीचा हिशेब कागदावर मांडला. गाडी 2018 ची, पुणे पासिंगची. रनिंग 1,38,000 किलोमीटरच्या पुढे गेलेले, आणि इंजिनाच्या मॅपपासून (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) स्प्रिंगांपर्यंत बऱ्याच गोष्टी कंपनी फिटिंगपेक्षा वेगळ्या. जुन्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक ज्या दोन गोष्टींना सर्वांत जास्त बिचकते त्या दोन्ही हिच्यात एकत्र आल्या आहेत, हे किंमत ठरवताना डोळ्यांआड करता येत नाही. दुसरीकडे, ही काही साधी जुनी सेडान नव्हे. 2017 मध्ये स्कोडाने ती भारतात आणली तेव्हा दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची 230 पीएस ताकद 24.62 लाख एक्स-शोरूम किमतीत मिळत होती. पुढे 2020 मध्ये आलेल्या आरएस 245 च्या केवळ 200 गाड्या होत्या व किंमत 35.99 लाख होती. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेली नवी आरएस तर 49.99 लाखांवर गेली आणि तिच्याही 100 च गाड्या आल्या. नवी इतकी महाग झाल्यावर लोक जुनीची चौकशी करू लागतात, पण ती चौकशी आधी कमी चाललेल्या, हात न लावलेल्या गाडीची असते आणि माझ्या गाडीची पाळी त्यानंतर येते.

रीमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल), डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग), गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि चांगले ब्रेक पॅड यांवर मिळून सुमारे चार लाख खर्च झाले. ते मी माझ्या आनंदासाठी केले आणि ताम्हिणी घाटातल्या पहाटेच्या फेऱ्यांत तो आनंद पुरेपूर घेतला; म्हणून ते गाडीच्या किमतीत मिळवायचे नाहीत, असे मी ठरवले आहे. यात उदारपणा नाही, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले की हेच योग्य ठरते. रीमॅपमुळे टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, वाढतो, तो सगळा डीएसजी या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या क्लचमधून जातो, आणि ही गाडी रोज सिग्नलवरून कशी सुटत होती हे घेणाऱ्याला कधीच कळणार नसते. माझ्यासाठी जी भर होती ती त्याच्यासाठी जोखीम आहे, आणि जोखमीचे कोणी जास्त पैसे देत नाही.

ज्याचे पैसे मिळायला हवेत ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती फाइलमध्ये आहे. या सहा गिअरच्या डीएसजीचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि ते तेल व फिल्टर दर 60,000 किलोमीटरला बदलावे लागतात. माझ्याकडे दोन्ही वेळची बिले आहेत. या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या प्लास्टिकच्या घरातून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) झिरपण्याची तक्रार जगभर माहीत आहे. तो भाग बदलल्याची पावती आहे. इनटेक व्हॉल्व्हांवर कार्बन साचतो. ते साफ केल्याची नोंद आहे. जास्त चाललेल्या गाडीबाबत खरा प्रश्न किती चालली हा नसून, त्या प्रत्येक टप्प्यावर तिची काळजी कोणी घेतली, हा असतो. माझे बहुतेक किलोमीटर द्रुतगती मार्गावरचे आणि बेंगळुरू महामार्गावरचे आहेत. इंजिन तापून एका वेगात तासन्‌तास चालणे हे शहरातल्या थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी सौम्य असते. पण हे तोंडी सांगून भागत नाही, म्हणून सर्व्हिसच्या बिलांवरील तारखा आणि रनिंगचे आकडे यांची एक सलग यादी आज तयार केली.

मंगळवार

गाडी पुन्हा मूळ फिटिंगवर आणून घेतली. जुने सुटे भाग गुंडाळून माळ्यावर जपून ठेवले होते, त्याचा आज उपयोग झाला. यामागे भावापेक्षा कायद्याचा विचार मोठा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापासून बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. शिवाय न कळवलेल्या फेरफारावरून विमा कंपनी दावा नाकारू शकते. असा भार नव्या मालकाच्या माथी मारून पैसे मोजून घेणे मला पटत नाही.

मूळ मॅप परत टाकला म्हणून रीमॅप लपत नाही, आणि तो लपवायचाही नाही. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये, मॅप किती वेळा लिहिला गेला याची नोंद राहते व जाणकार स्कॅनर लावून ती पाहतो. म्हणून मी स्वतःच पूर्ण स्कॅन करून घेतला आणि त्याचा अहवाल फाइलमध्ये लावला. जाहिरातीत पहिल्याच ओळीत रनिंग लिहिले, दुसऱ्या ओळीत ही गाडी काही वर्षे रीमॅपवर चालली असे लिहिले.

एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने 11 लाख सांगितले. त्याचा राग आला नाही. त्याला आपल्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी भरायचा असतो, गाडी कित्येक महिने दारात उभी ठेवायची असते, आणि त्याच्या गिऱ्हाइकाला माझी फाइल वाचायची नसते. मी 14.5 लाख मागायचे ठरवले. 13.5 च्या खाली यायचे नाही, हेही आजच लिहून ठेवतो, म्हणजे समोर बसल्यावर मन डळमळणार नाही.

रविवार

कोल्हापूरहून एक तरुण वडिलांना घेऊन आला. त्याआधी आलेल्यांपैकी बहुतेकांनी फोनवर "फायनल किती?" एवढेच विचारले होते, याने मात्र आदल्या दिवशीच "सर, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका" असे कळवले, आणि तेवढ्यावरून गाडी योग्य माणसाकडे जाईल असे वाटले. थंड इंजिन सुरू करताना त्याने इंजिनातल्या टायमिंग चेनचा आवाज कान देऊन ऐकला, कूलंटची पातळी पाहिली, चढावर डीएसजी धक्का देतो का ते तपासले. वडील फाइल वाचत बसले होते. "साहेब, रनिंग एवढं कसं झालं?" असे त्यांनी सरळ विचारले. मी कामाच्या फेऱ्या सांगितल्या आणि यादी पुढे केली. त्यांनी दोन बिले काढून आकडे स्वतः जुळवून पाहिले. मला ते फार आवडले. माणूस संशयाने बघतो तेव्हाच कागदांची खरी किंमत होते.

घासाघीस थोडीच झाली. पुढचे टायर एका वर्षात बदलावे लागतील हे मी आधीच सांगितले होते, त्याचे त्यांनी वजा केले आणि 13.8 लाखांवर व्यवहार ठरला. मुलाला स्प्रिंगा आणि इनटेक हवे होते. ते मी गाडीच्या किमतीत न धरता वेगळ्या पावतीवर 45,000 ला दिले आणि ते बसवल्यास कायद्याची व विम्याची जबाबदारी त्याची राहील, हे पावतीवरच लिहिले. डाउनपाइप मात्र दिला नाही.

विसार घेतला आहे, पण नावावर होण्याची कागदपत्रे भरल्याशिवाय चावी द्यायची नाही. नोंदणी आपल्या नावावर राहिली तर विकलेल्या गाडीच्या अपघाताचीही भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 मधला निकाल आहे. मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी आधीच बसवलेली असल्याने आरटीओत त्यासाठी अडणार नाही. नो-क्लेम बोनस गाडीचा नसून माझा आहे, तेव्हा विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागवायचे आहे. उरलेली रक्कम बुधवारी खात्यात जमा झाली की फास्टॅग बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी करायचा आहे.