दातच नाहीत, मग एक्स-रे कशाचा?

पूर्ण कवळीच्या आधी एक्स-रे सांगितला की हा प्रश्न हमखास येतो. हिरडी गुळगुळीत दिसते. पण आत दात काढताना मोडून राहिलेलं मूळ, कधीच वर न आलेली अक्कलदाढ, आडवा पडलेला सुळा किंवा जुनी सिस्ट (पाण्याची गाठ) असू शकते. कवळीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजतं, दडलेली दाढ उघडी पडते आणि पेशंट म्हणतो, ‘या वयात नवा दात आला!’ बहुतेक वेळा दात जागचा हललेला नसतो, हाड ओसरलेलं असतं. कवळी मग तिथेच डुगडुगते, टोचते.

एका ओपीजीत, म्हणजे तोंडाच्या रुंद एक्स-रेत, दोन्ही जबडे दिसतात. जुनी कवळी, चष्मा, कानातलं, गळ्यातलं आधी उतरवायचं. दात नसल्याने बाइट ब्लॉक (डोकं स्थिर राहावं म्हणून दातांत धरायचा तुकडा) चावता येत नाही, म्हणून हनुवटीला टेकू द्यावा लागतो. जीभ टाळूला लावलेली नसेल तर वरच्या जबड्यावर काळा पट्टा येतो. समोरच्या भागावर मणक्याची सावली पडते. तिथे शंका आली तर आयओपीए, म्हणजे तेवढ्याच भागाची छोटी फिल्म, काढावी.

मूळ दिसलं म्हणून काढायलाच हवं असं नाही. पूर्ण हाडात गाडलेलं, भोवती काळी कड नाही, दुखत नाही, तर नोंद करून ठेवावं आणि अधूनमधून पाहावं. हिरडीलगत असेल किंवा भोवती काळं दिसत असेल तर काढावं आणि जखम भरल्यावरच कवळीचं माप घ्यावं. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू आहेत का, हे मूळ काढण्याआधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही.

खालच्या जबड्यात मेंटल फोरॅमेन, म्हणजे ओठाकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते ते हाडातलं छिद्र, शोधा. हाड फार झिजलं की ते थेट वरच्या कडेवर येतं, कवळी नसेवर दाबते, ओठात झिणझिण्या येतात. आधी कळलं तर तेवढ्या जागी रिलीफ देता येतो, म्हणजे कवळी आतून थोडी पोकळ ठेवता येते. जबड्याच्या खालच्या कडेपासून फोरॅमेनच्या खालच्या काठापर्यंतच्या अंतराची तिप्पट म्हणजे साधारण जबड्याची झीज होण्याआधीची उंची. 10 मिमी भरलं तर 30. आज 15 उरली असेल तर निम्मं हाड गेलं. खालची कवळी घट्ट बसणार नाही, हे पेशंटला तेव्हाच सांगावं.

सरसकट प्रत्येकाचा ओपीजी काढावा असं मात्र नाही. आधी तपासणी, मग निर्णय. शिवाय हाडाची जाडी त्यात कळत नाही. फिल्मवर उंच, भरदार दिसणारी कड चिमटीत धरली की सुरीच्या धारेसारखी निघते, आणि लिबलिबीत हिरडी तर फक्त बोटालाच कळते.