कोंडा, खोबरेल आणि पाच मिनिटांचा फेस

आमच्या घरी शनिवारची रात्र डोक्याला तेल लावायची. आई पलंगाच्या कडेला बसते, मी खाली चटईवर, आणि वाटीतलं खोबरेल बोटांनी डोक्यात जिरवत ती आठवडाभराचं सगळं सांगते. तेल मालवणहून येतं, मामाच्या ओळखीच्या घाण्यावरचं. थंडीत एखाद्या पहाटे ते बाटलीत गोठलं, तर आई बाटली गॅलरीतल्या उन्हात ठेवते. वयाच्या ३४व्या वर्षीही मला त्या अर्ध्या तासाची ओढ असते. म्हणूनच डॉक्टर म्हणाल्या, "रात्रभर तेल ठेवणं बंद करा," तेव्हा पोटात गलबललं. आईला काय सांगायचं?

कोंडा मला कॉलेजपासूनच थोडाफार होता. गेली दोन वर्षं मात्र तो वाढतच गेला. आधी खांद्यावर पांढरा भुगा, मग कानामागे ओलसर खाज, मग भुवयांत आणि नाकाच्या कडेला लालसर खपल्या. फोर्टात ऑफिस, परळहून सकाळची स्लो लोकल. लेडीज डब्यात चार इंचांवर माणूस उभं असतं. एकदा मागच्या बाईंनी माझ्या खांद्यावरून हळूच हात फिरवला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी ते मायेनंच केलं होतं, पण त्या दिवसापासून गडद रंगाचे कपडे मी कपाटात मागे टाकले.

घरचे उपाय केलेच. दह्यात भिजवलेली मेथी वाटून लावली. थंडावा आला, कोंडा होता तिथेच राहिला. लिंबाचा रस लावला त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं, कारण रात्री झोपेत नखांनी कोरलेल्या जागांवर तो थेट गेला. कुणालाही सांगेन, खाजवलेल्या डोक्याला लिंबू लावू नका. शेवटी एका मेडिकलमध्ये विचारून लोशन आणलं. तीन दिवसांत खाज गायब! घरात सगळ्यांना सांगत सुटले. बाटली संपली आणि दोन आठवड्यांत कोंडा आधीपेक्षा जास्त. दुसरी बाटली आणली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पैसे काढता काढता थांबले आणि दादरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली.

त्यांनी आधी भिंगाच्या दिव्याखाली भांग पाडून पाडून डोकं पाहिलं, मग भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी. कोपर आणि गुडघेही पाहिले. सोरायसिस असेल तर तिथे जाड, चंदेरी खपल्या दिसतात आणि डोक्यावरचे चट्टे केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरतात, म्हणाल्या. तसं काही नव्हतं. माझ्या खपल्या पिवळसर आणि तेलकट होत्या. "हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस. कोंड्याचाच थोरला भाऊ म्हणा." मी लोशनची रिकामी बाटली दाखवली. त्यांनी पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं आणि बाटली बाजूला ठेवली. त्यात बऱ्यापैकी तीव्र स्टेरॉइड होतं. सूज उतरवायला ते थोडे दिवस, देखरेखीखाली वापरतात. मी सल्ल्याशिवाय वापरत राहिले, त्यामुळे लाली तेवढी दबत होती आणि कारण तसंच आत होतं.

ते कारण त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. सगळ्यांच्याच डोक्यावर मॅलासेझिया नावाची यीस्टसारखी बुरशी राहते. फ्रान्सच्या मालासे नावाच्या डॉक्टरांनी १८७४ साली कोंड्यात ती पाहिली, तिचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. या बुरशीला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती आपल्या डोक्यावरच्या तेलावर जगते. तेल फोडून खाते आणि ओलेइक आम्ल मागे सोडते. कुणाला त्याचा काही त्रास होत नाही, कुणाची कातडी मात्र त्यानं चिडते. चिडलेली कातडी घाईघाईनं नव्या पेशी तयार करते आणि जुन्या एकेक करून गळण्याऐवजी चिकटून गठ्ठ्यानं सुटतात. तो गठ्ठा म्हणजे कोंडा. अस्वच्छतेमुळे तो होत नाही आणि एकाच्या कंगव्यातून दुसऱ्याला लागतही नाही. हे ऐकून मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं. इतकी वर्षं मी माझा कंगवा बाथरूमच्या वरच्या फळीवर लपवून ठेवत होते.

"पण तेल लावलं की दोन दिवस कोंडा दिसतच नाही," मी म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, "दिसत नाही, कारण तेलानं खपल्या डोक्याला चिकटून बसतात. खाली बुरशीला रात्रभर जेवण मिळतं." आमच्या शनिवारच्या तेलाचा अर्थ मला पहिल्यांदाच कळला. तेलाला मी वाईट म्हणणार नाही. केसांच्या लांबीला खोबरेल खरंच चांगलं, धुताना केस कमी झिजतात. पण कोंडा असलेल्या डोक्याच्या कातडीला ते नको.

औषध साधं होतं. दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. चेहऱ्यासाठी एक सौम्य क्रीम. मला जरा निराश व्हायला झालं, कारण तोच शाम्पू मी आदल्या वर्षी वापरला होता आणि उपयोग झाला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "फेस किती वेळ ठेवला होता?"

फेस ठेवायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी सव्वासहाला येतं आणि साडेसातला जातं. त्यात चौघांच्या आंघोळी, पिंप भरणं, भांडी. मी शाम्पू लावायचे आणि लगेच तांब्या ओतायचे. म्हणजे औषध सगळं मोरीत. ते कातडीवर तीन ते पाच मिनिटं राहिलं तरच बुरशीवर काम करतं. शिवाय मी तो वेणीभर केसांना चोळत होते, मुळाशी पोचतच नव्हता.

मग मी डोकं धुण्याची वेळच बदलली. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी, ऑफिसातून आल्यावर, पिंपातल्या पाण्यानं. बादलीत कोमट पाणी, कढत नाही. केस ओले करून चार भांग पाडायचे, शाम्पू थेट भांगावर टाकायचा, नखं न लावता बोटांच्या टोकांनी सावकाश फिरवायचा. कानामागे आणि मानेच्या रेषेवर विसरायचं नाही. मग मोबाइलवर पाच मिनिटं लावून पाटावर बसून राहायचं. पहिल्यांदा ती पाच मिनिटं फार लांब वाटली. बाहेरून भाऊ "ताई, झालं का गं?" म्हणून दार वाजवत होता. नंतर सवय झाली. धुऊन झाल्यावर कंडिशनर फक्त खालच्या निम्म्या केसांना, कारण या शाम्पूनं केस जरा राठ होतात. मधे गरज वाटली तर साधा सौम्य शाम्पू.

आणखी एक गोष्ट सुटली ती म्हणजे ओल्या केसांचा क्लच. सकाळी न्हाऊन तसेच केस वर बांधून मी गाडी पकडायचे. मुंबईच्या दमट हवेत ते दुपारपर्यंत आतून ओले असत आणि वरून घाम. आता संध्याकाळी धुतल्यामुळे पंख्याखाली वाळतात.

दुसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली. खपल्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत होत्याच, तेव्हा धीर सुटत आला होता. चौथ्या आठवड्यात भांग पहिल्यांदा गुलाबी न दिसता कातडीच्या रंगाचा दिसला. खाजवून गेलेले केस भरायला आणखी काही महिने लागले.

आईला सांगायचं मी आठवडाभर टाळलं. मग डॉक्टरांनी काढलेला तो कागदच तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावून पाहिला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मीच वाढवत होते का गं?" मी म्हटलं, "नाही गं, आपल्याला माहीतच कुठे होतं." तिचा हात धरून ठेवला. आता शनिवारी धुण्याआधी तासभर ती माझ्या कानाखालच्या केसांना तेल लावते. वेणीच्या शेंड्यापर्यंत, अगदी निगुतीनं. गोष्टी तेवढ्याच होतात.

गेल्या नोव्हेंबरात दिवाळीच्या धावपळीत मी तीन आठवडे शाम्पू चुकवला आणि कानामागची खाज परत आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हा मुळापासून जात नाही, आवाक्यात ठेवावा लागतो. पंधरा दिवसांतून एकदा तरी औषधी शाम्पू हवाच. पुन्हा दोन आठवडे नेमानं केलं, आवरलं. तेव्हापासून आई स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एक शनिवार सोडून एक शनिवार पेन्सिलीनं गोल करते. एकादशी आणि गॅस सिलिंडरच्या तारखांच्या मधे, तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं असतं: "डोकं, ५ मि."