तिथी बघून निघा: मनोरी, गोराई, उत्तनचा शनिवार-रविवार

किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे असतील तर पहाटेचा गजर लावण्याआधी कालनिर्णय उघडा. रानातला पक्षी ऊन बघून हिंडतो, किनाऱ्यावरचा पाणी बघून. आपल्या कोळीवाड्यांमध्ये भरतीचा एक जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. द्वितीयेला दीडच्या सुमारास पूर्ण भरती, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, आणि नेमकं वेळापत्रक हल्ली फोनवरही मिळतं, पण महिनाभर आधी शनिवार-रविवार ठरवायला हा हिशेब पुरतो.

आम्ही म्हणूनच कोजागिरीनंतरचा शनिवार-रविवार धरला. शनिवारी द्वितीया होती. पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन-तीन दिवस उधाणाचं पाणी असतं. ते वाळूचा पट्टा जवळजवळ गिळून टाकतं आणि लांब चिखलात विखुरलेले पक्षी आपोआप तुमच्यासमोर येऊन उभे राहतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास गेलात तर पाणी तेवढं चढत नाही, पक्षी लांबच राहतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात.

मनोरी, गोराई आणि उत्तन मिळून होणारा हा भूभाग इतिहासात धारावी बेट म्हणून ओळखला जातो. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेला हे बेट का महत्त्वाचं वाटलं, ते उत्तनच्या चौक टेकडीवर उभं राहिलं की लगेच कळतं. एकीकडे उघडा समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी. पक्ष्यांसाठीही हीच जमेची बाजू. वाळूची पुळण, खडक, खाडीचा चिखल, खारफुटी, भातखाचरं आणि गवताळ पठार, सगळं एका दिवसाच्या फिरण्यात येतं. मुंबईजवळ अशी दुसरी जागा मला माहीत नाही.

जायचे रस्ते तीन. मालाड पश्चिमेहून मार्वेला बस किंवा रिक्षाने जाऊन तिथून फेरीबोटीने मनोरी. बोरिवलीच्या गोराई जेटीवरून बोटीने गोराई. किंवा भाईंदर पश्चिमेहून रस्त्याने थेट उत्तन. स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) आणि ट्रायपॉड असतील तर भाईंदरचा रस्ता सोयीचा. आमच्यातले डोंबिवली-ठाण्याचे लोक तिकडून आले, दादर-पार्ल्याचे मार्वेहून. मुक्कामाला मनोरी-गोराईत बंगले आणि कॉटेजेस मिळतात, पण शनिवार-रविवारचे दर चढे असतात आणि काही ठिकाणी रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालतो. बुकिंग करताना हे स्पष्ट विचारा.

शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती, म्हणजे पुळणीवर जाण्यात अर्थ नव्हता. ती वेळ आम्ही उत्तनच्या पठाराला दिली. ऑक्टोबरच्या मध्यात गवत पिवळं पडू लागलेलं असतं आणि हेच दिवस वाटसरू पक्ष्यांचे. हे हिवाळा आपल्याकडे काढत नाहीत. चार दिवस खाऊन-पिऊन पुढे आफ्रिकेकडे निघतात. तारेवर बसलेला युरोपियन रोलर आम्हाला अगदी रस्त्यालगत मिळाला. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी असते, याचं डोकं आणि पोट सबंध फिकट निळं. तो खाली झेपावून नाकतोडा उचलायचा आणि परत त्याच तारेवर येऊन बसायचा. आम्ही गाडीआडून वीसेक मिनिटं बघितला. या पक्ष्याला पुढे अरबी समुद्र ओलांडायचा आहे. त्याच्यासाठी तो नाकतोडा म्हणजे इंधन आहे, हे तिथे उभं राहिल्यावर फार जवळून जाणवतं.

त्याच पठारावर गप्पीदास, इसाबेलाइन श्राइक, निळ्या गालाचे वेडे राघू आणि झाडाच्या टोकावर गोंगाट करणाऱ्या भोरड्या होत्या. नऊनंतर ऊन चटकायला लागलं आणि आम्ही खाली उतरलो. ऑक्टोबरचं ऊन हलक्यात घेऊ नका. पठारावर सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी लागतंच.

किनाऱ्यावर साडेदहाला पोचलो. भरतीच्या आधीचे तीन तास ते भरती लागेपर्यंत, हा या सहलीचा गाभा आहे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे दुपारपर्यंत सूर्य पाठीशी किंवा डोक्यावर राहतो आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतात. दुपारी तीननंतर उजेड समोरून येतो आणि सगळे पक्षी काळे होतात. शिवाय गोराईच्या पुळणीवर तोपर्यंत टांगे आणि सहलीची गर्दी सुरू झालेली असते.

जागा निवडताना आम्ही पक्ष्यांकडे चालत गेलो नाही. पाणी कुठपर्यंत येणार ते ओल्या वाळूच्या आणि कचऱ्याच्या रेषेवरून दिसतं. त्या रेषेच्या बरंच मागे, सुरूच्या झाडांच्या कडेला ओळीने बसलो. आमच्यातल्या एका काकूंनी बसण्याआधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आता तासभर कुणी उठायचं नाही, पाणी त्यांना आपल्याकडे आणेल." आणि पाण्याने आणलं. आधी चिखल्ये (प्लोव्हर) आले, मग टिलवे (लिटल स्टिंट), मग लाटेच्या फेसामागे धावणारे सँडर्लिंग. दूर खडकावर दोन कुरल आणि एक करडा किनारी बगळा.

टेरेक सँडपायपर मला सगळ्यात जवळून मिळाला. नारिंगी आखूड पाय, वर वळलेली लांब चोच, आणि चाल अशी की सारखी कसलीतरी घाई. एकाने वाळूतून छोटा खेकडा ओढला, तोंडात धरून थेट पाण्याच्या कडेला पळाला, दोन-तीनदा खळबळून धुतला आणि मगच गिळला. पुढच्या खेकड्यालाही तेच. वाळू पोटात जाऊ नये म्हणून हा पक्षी खाणं धुतो, हे वाचलेलं होतं. डोळ्यांसमोर बघण्याची गोष्ट वेगळीच.

चिखल्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. किनाऱ्यावरच्या घोळक्यात सर्वाधिक असतो तो लेसर सँड प्लोव्हर. हल्ली त्याच्या तिबेटन आणि सायबेरियन अशा दोन स्वतंत्र जाती मानतात, आपल्याकडचा तिबेटन. ग्रेटर सँड प्लोव्हरची चोच लांब आणि जाडसर, पायही लांब. दोघे शेजारी उभे असले की फरक सहज कळतो, एकटा असला की घाई करू नका. केंटिश प्लोव्हर त्याहून लहान, मानेमागे पांढरा पट्टा. ओळख पटली नाही तर यादीत "सँड प्लोव्हर" एवढंच लिहा, ती नोंदही खरी असते.

या तिबेटन चिखल्याचं वजन साधारण साठ-सत्तर ग्रॅम. घरटं लडाख-तिबेटच्या पठारावर. म्हणजे हिमालय ओलांडून तो गोराईच्या वाळूवर येतो. टिलवा त्याच्याही निम्म्याहून कमी वजनाचा, आणि येतो सायबेरियाच्या टुंड्रातून. एवढ्या अंतरानंतर त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, ओहोटीला खाणं आणि भरतीला विसावा. उधाणाच्या वेळी उभं राहायला जागाच थोडी उरते. आपण फोटोसाठी चार पावलं पुढे टाकली की थवा उठतो, घिरट्या घालतो, लांब जाऊन उतरतो, तिथे कुत्री असतात, पुन्हा उठतो. कमावलेली चरबी अशी उडून जाते. आम्ही बसलो असताना दोन भटकी कुत्री त्या थव्यावर धावली आणि पाचेक मिनिटं पक्षी हवेतच होते. कुत्र्यांना आपण समजावू शकत नाही. आपल्या गटाला समजावू शकतो. पक्ष्यांनी माना वर केल्या, खाणं थांबवलं, की तिथेच थांबा, एक पाऊल मागे घ्या. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवणारा माणूस गटात असेल तर त्याला स्पष्ट सांगा, मग तो कितीही जुना मित्र असो. ड्रोन तर नकोच.

दुपारी जेवण गावातल्या घरगुती खानावळीत. ताजे बोंबील, भात, आणि ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती घरातले फुगे (तळलेले गोल पाव). त्यांचा बाटली मसाला आवडला तर थोडा विकत घ्या. संध्याकाळी उत्तनच्या कोळीवाड्याजवळ वलांड्यांवर (बांबूच्या मांडवांवर) वाळत घातलेल्या बोंबलांभोवती घारी आणि तांबड्या घारी फिरत होत्या, पाण्यावर हंगामातले पहिले कुरव (गल). तिथे बायका कामात असतात. आधी विचारा, मगच कॅमेरा काढा. एका मावशींनी आपण होऊन सांगितलं की कुरव वाढले की थंडी आली असं त्या समजतात. मासळी टिपणारे पक्षी त्या रोज बघतात, त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर पुस्तकात नसलेलं बरंच कळतं.

रविवारी सकाळी ओहोटीला गोराई खाडीकडे गेलो. खारफुटीच्या कडेने ब्लॅक-कॅप्ड खंड्या, तुतवार, लाल पायांचे रेडशँक, आणि खांबावर मासा फाडत बसलेला ऑस्प्रे. ही जागा बांधावरूनच बघा. चिखल वरून घट्ट दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो. खडकांवर जायचं तर बंद बूट हवेत, कालवांची धार चपलेला दाद देत नाही. आणि पाणी चढताना खडकाच्या मागच्या खोलगट भागात आधी शिरतं, त्यामुळे परतीची वाट बघून ठेवा.

फ्लेमिंगोंसाठी इथे येऊ नका. त्यांचा हंगाम पुढे, आणि त्यांची जागा ठाणे खाडी, जी 2015 पासून अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). इथे नोव्हेंबर-डिसेंबरात कुरव आणि सुरय (टर्न) वाढतात, मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरचे चिखल्ये विटकरी छाती मिरवतात. वाटसरू पक्ष्यांसाठी मात्र सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच काळ.

गट आठ-दहा जणांचाच ठेवा, त्यात दोन स्कोप पुरतात. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर कोणता पाय, कोणता रंग वर, कोणता खाली आणि त्यावरची अक्षरं टिपून फोटोसह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना पठार, पुळण आणि खाडी यांच्या याद्या वेगळ्या करा, एकत्र केल्या तर कोणता पक्षी कुठे होता हे नंतर कुणालाच कळत नाही. आणि रविवारी परतताना मार्वेची बोट धरणार असाल तर चारच्या आत जेटीवर पोचा. त्यानंतर रांग वाढत जाते, आणि पाणी ओसरलं की जेटीच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. स्कोप खांद्यावर असताना तिथे हात रिकामे ठेवा.