पाय उठला कसा?

"स्वतःच्या तालमीविरुद्ध तुझा पाय उठला कसा?"

दुसऱ्या तालमीच्या शर्टात मी माझ्याच तालमीविरुद्ध पेनल्टी मारली, त्याबद्दलचा हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, केस कापताना विचारून झालाय, रंकाळ्यावर फिरताना मागून येऊन खांद्यावर हात टाकून विचारून झालाय. वडिलांच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर एकाने विचारला. आधी "फार वाईट झालं" म्हणाला, मग जरा वेळ नदीकडे बघत राहिला, आणि मग विचारलंच. त्या दिवशी मला हसू आलं होतं. एरवी मी चिडतो. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या लग्नात तरी जिलेबी सुखाने खाता येईल.

कोल्हापूरबाहेर कुणी वाचत असेल तर दोन ओळी. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. नावं ऐकून लाल माती आठवते, आणि सीझन लागला की हीच मंडळी शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या उरावर. पेठेची तालीम निवडावी लागत नाही, ती जन्मतःच चिकटते. माझी कुठली आणि नंतर मी गेलो ती कुठली, हे लिहीत नाही. विचारणाऱ्यांना पाठ आहे.

तर, पाय उठला कसा.

इतकी वर्षं मी पैशाचं उत्तर देत आलोय. ते खोटं नाही, म्हणून आधी तेच देतो. मी मुंबईत एका कंपनीच्या संघातून तीन वर्षं करारावर खेळलो. दर महिन्याला पगार, कूपरेजच्या मैदानावर मॅच असली की जायला-यायला गाडी, दुखलं-खुपलं तर खर्च त्यांचा. करार संपला, नवा झाला नाही, मी सत्ताविसाव्या वर्षी घरी आलो. तालमीने हार घातला, नारळ दिला. त्या वर्षी आमच्याकडे बाहेरचे तिघे होते. त्यातला एक नायजेरियाचा, पोरगा गुणी, अजून फोन करतो. त्यांना खोली, खाणावळ, मानधन. मला एक किट. मी दबकत विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "अरे, तू घरचा. घरच्या पोराला कसले पैसे?" गुडघ्याचा एमआरआय मी माझ्या खिशातून केला. बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती.

कट्ट्यावर एक जण नेहमी बिल्बाओचं उदाहरण देतो. स्पेनचा अ‍ॅथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क, म्हणजे त्याच मुलखातले, खेळाडू घेतो, आणि तरीही १९२९ पासून आजवर पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. आपणही पेठेचीच पोरं खेळवूया, म्हणतो. खेळवा की. पण बिल्बाओ पोरांना पगार देतं हो!

दुसऱ्या तालमीने पुढच्या सीझनला मानधन देऊ केलं, मी नोंदणी तिकडे केली. सरळ व्यवहार. चटका लागला की मी हेच सांगतो, आणि ऐकणारा "तरीपण..." म्हणून मान हलवतो. इतकी वर्षं त्या "तरीपण"चा मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर मानधन किती होतं हे मला आता आठवतही नाही. ज्याच्यासाठी घर सोडलं म्हणतो, तो आकडा विसरतो माणूस?

त्याच्या आधीच्या सीझनची फायनल मात्र मिनिटामिनिटाने आठवते.

दुपारी चारची मॅच होती. बारा वाजल्यापासून पेठ रिकामी. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ज्या गॅलरीत कागद फाडायचो, तिच्याच समोरून आम्ही मैदानात आलो. हलगी इतकी जवळ वाजत होती की शेजारच्याने बोललेलं कळत नव्हतं. सामना एक-एक. पंचाहत्तराव्या मिनिटानंतर मी जवळजवळ चालतच होतो, ते कुणाच्या लक्षात आलं नसेल तर ती त्यांची मेहेरबानी. टायब्रेकर लागला, म्हणजे दोन्हीकडून पाच-पाच पेनल्ट्या.

मुंबईत संघाच्या पेनल्ट्या मीच मारायचो. तीन वर्षांत अकरा मारल्या, दहा आत. ही काही फुशारकी नाही, त्यावर माझा करार टिकून होता. त्यामुळे आमच्या कोच सरांनी मला विचारलंसुद्धा नाही. हाताच्या तळव्यावर पेनाने नंबर लिहीत आमच्या घोळक्यात फिरत होते. "पाचवी तुझी," म्हणाले आणि पुढे गेले.

आम्ही मधल्या रेषेजवळ बसलो होतो. मी गॅलरीकडे बघितलं. तिथेच चूक झाली. मुंबईत समोर गर्दी असायची, इथे दूधवाले काका होते. माझ्या बहिणीचा दीर होता. घराच्या स्लॅबच्या वेळी वडिलांनी ज्यांच्याकडून हातउसने घेतले होते ते होते, शर्टाची दोन बटणं उघडी, डोक्यावर फेटा. आणि वडील. ते ओरडत नव्हते. दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते, थंडीत बसतात तसे. महिना मार्चचा होता.

तालीम हरल्यावर घरात काय होतं ते मला माहीत होतं. चूल बंद राहायची वगैरे नाही, पण आई भाकरी थापायची ती जरा जोरात थापायची. वडील जेवायचे आणि ताटातच हात धुवायचे. आणि ज्याच्यामुळे हरलो त्याचं नाव आठवडाभर घरात निघायचं. पुढे वर्षभर निघायचं. एका बॅकने मी चौथीत असताना स्वतःच्या गोलात चेंडू मारला होता, मी लग्नाच्या वयाचा झालो तरी आमच्या घरात त्याला आडनाव नव्हतं, "त्यो सेल्फगोलवाला" होता. मी स्वतः त्याला तसंच म्हणत वाढलो होतो.

सर परत आले तेव्हा मी म्हणालो, "सर, पोटरीत गोळा आलाय."

गोळा आला नव्हता.

सरांनी तळव्याकडे बघितलं, शिवी हासडली, ती मला नव्हती, नशिबाला होती. आणि शेजारी बसलेला पोरगा पटकन पुढे आला. एकोणीस वर्षांचा, पेठेतलाच, त्या दिवशी सबस्टिट्यूट म्हणून शेवटची वीस मिनिटं खेळलेला. त्याने माझा बूट छातीला टेकवला, पंजा मागे दाबला आणि दुसऱ्या हाताने पोटरी धरली. ज्याने कधी गोळा काढलाय त्याला माहीत आहे, गोळा आलेली पोटरी दगडासारखी लागते. माझी मऊ होती. त्याची बोटं थांबली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद असतील. मग उठला, मोजा वर ओढला आणि सरांना म्हणाला, "पाचवी मी मारतो."

बारवरून गेली. समोरच्यांच्या पाचांपैकी चार आत, आमची तीन आत आणि पाचवी त्याची. आत गेली असती तर सडनडेथ, म्हणजे पुढे एकेक पेनल्टीवर निकाल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. त्याच्या घरावर रात्री कुणीतरी दगड टाकला. मी पाय लंगडत घरी गेलो, कुठला पाय लंगडायचा हे जिन्यात एकदा विसरलो. पुढे चार दिवस आई पोटरीला गरम तेल चोळत होती.

आता पुढच्या सीझनची ती पेनल्टी, जिच्याबद्दल तुम्ही विचारता. लीगची मॅच, अंगात दुसऱ्या तालमीचा शर्ट, समोर आमचा गोलकीपर, ज्याच्या डब्यातलं मी शाळेत खाल्लंय. माझ्या पेठेची गॅलरी आईवरून बोलत होती. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मी इतका मोकळा मैदानावर कधीच नव्हतो. चुकली असती तर काय झालं असतं? नव्या तालमीने पैसे कापले असते. माझ्या पेठेने गुलाल उधळला असता, वडील खूश झाले असते. दोन पावलं मागे, डावीकडचा खालचा कोपरा. पाय आपोआप उठला.

म्हणजे तुमचा प्रश्नच उलटा आहे. त्यांच्याविरुद्ध कसा उठला असं नका विचारू. त्यांच्यासाठी का उठला नाही, ते विचारा. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं. एक सोडून.

चोविसाव्या वर्षी, मुंबईला जाताना, मी कट्ट्यावर मोठ्या तोंडाने म्हणालो होतो की पैसे कुठेही मिळवेन, पण शेवटचा खेळ ह्याच शर्टात. तो चोवीस वर्षांचा आता समोर आला तर मी त्याला सांगेन की बाबा, ज्या तालमीवर जीव आहे तिच्याकडून खेळू नकोस, गॅलरीत बस, आयुष्यभर बस. तो म्हणेल, घाबरट आहेस म्हणून तत्त्व काढलंस. मी म्हणेन, तू अजून आपल्या बापाचे हात मांडीखाली गेलेले बघितले नाहीस. हे भांडण मी रात्री बरेचदा करतो. कधी तो जिंकतो.

ह्या तत्त्वाला आधार शोधायला मी कमी हिंडलो नाही. इंग्लंडात लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे एकाच शहरातले वैरी क्लब. इयान रश लहानपणी एव्हर्टनचा भक्त, खेळला लिव्हरपूलकडून, आणि एव्हर्टनलाच २५ गोल मारले. जेमी कॅरेघर, तोही घरचा एव्हर्टनवालाच, लिव्हरपूलकडून ७३७ सामने. बघा म्हटलं, प्रेम एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे असली की माणूस कसा सुटून खेळतो. मग इटलीचा रॉबर्टो बॅजिओ आडवा येतो. १९९० मध्ये फ्लॉरेन्सच्या फिओरेंटिना क्लबने त्याला युव्हेंटस क्लबला विकला, फ्लॉरेन्समध्ये लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या एप्रिलमध्ये तो युव्हेंटसच्या शर्टात तिथे खेळायला आला, युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि त्याने ती मारली नाही. दुसऱ्याने मारली, अडवली गेली, युव्हेंटस एक गोलने हरलं. बॅजिओने कारण दिलं की तो गोलकीपर आपली पेनल्टी ओळखून आहे. बाहेर जाताना कुणीतरी फेकलेला फिओरेंटिनाचा स्कार्फ त्याने उचलला, म्हणून जगाने त्याला प्रेम म्हटलं. त्याची ती पोटरी, असं मी म्हणतो. बॅजिओच्या भक्तांना राग येईल, येऊ दे.

पण माझा एक मित्र आहे, शिक्षक, फुटबॉलचं सगळं पाठ. त्याला हे तत्त्व ऐकवलं (पोटरी वगळून) तर म्हणाला, "१९८४ ची युरोपियन कपची फायनल बघ." रोम विरुद्ध लिव्हरपूल, रोमच्याच मैदानावर, एक-एक, टायब्रेकर. रोमचा सगळ्यात मोठा खेळाडू फाल्काव, ब्राझीलचा, लठ्ठ पगाराचा. त्याने पेनल्टी मारली नाही. रोमची पहिली मारायला गेला कॅप्टन दि बार्तोलोमेई. रोममध्ये जन्मलेला, रोमच्याच पोरांच्या संघातून वर आलेला. गॅलरीत त्याचे किती दूधवाले काका असतील विचार करा. गेला, आणि मारली. बाकीच्यांच्या दोन चुकल्या, रोम हरलं, पण त्याची आत होती.

मी मित्राला म्हणालो, एका उदाहरणाने काय होतंय. तो हसला. दोन उदाहरणं आहेत, हे त्याला माहीत नाही. कारण तो पोरगा, ज्याची बारवरून गेली, तो कुठेही गेला नाही. दगड पडला तरी नाही. पुढच्या सीझनला त्याच शर्टात, त्याच गॅलरीसमोर त्याने परत पेनल्ट्या मारल्या. एक गोलकीपरने अडवली. दोन आत गेल्या. तीस वर्षांचा होईपर्यंत आमच्याच तालमीत खेळला, फुकट खेळला, आणि त्याचं नाव कधीही "बारवरून घालणारा" असं पडलं नाही. का पडलं नाही? आमच्या घरात तर सेल्फगोलवाल्याला वीस वर्षं माफी नव्हती. पेठ बदलली, की ती मला वाटायची तेवढी वाईट कधीच नव्हती, मला खरंच सांगता येत नाही. त्या सीझनपासून वडील स्टेडियमवर जायचे बंद झाले. लोक म्हणतात माझ्यामुळे. ते म्हणायचे, गॅलरीच्या पायऱ्या चढवत नाहीत. गुडघे त्यांचेही गेले होते. मी पायऱ्या धरून बसलोय.

त्या पोराचं आता गॅरेज आहे. माझी गाडी त्याच्याकडेच असते. मुलांच्या शाळेपासून पेट्रोलच्या भावापर्यंत सगळं बोलतो, हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही. मी दोनदा विषय काढायला गेलो. एकदा त्याने एअर फिल्टर काढून माझ्या हातात दिला, "बघ किती घाण बसलीय." दुसऱ्यांदा फोन आला त्याला, किंवा आल्यासारखं केलं.

गेल्या सीझनला तोच मला ओढून आमच्या तालमीच्या मॅचला घेऊन गेला. अठरा वर्षांनी मी आमच्या गॅलरीत बसलो. दोघे-तिघे वळून बघत होते, एकाने काहीतरी म्हटलंही, ह्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो गप्प झाला. सामना बरोबरीत सुटला, टायब्रेकर. चार-चार झाल्या तेव्हा माझे हात मांडीखाली गेलेले मला दिसले. चहा घेऊन येतो म्हणून मी उठलो.

तो शेंगा सोलत होता. मैदानावरची नजर न हलवता म्हणाला, "बस की गप. का पोटरीत गोळा आलाय?"

बसलो.